मानसोपचार वॉर्डात दाखल करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते. खालचे प्रश्न ओपीडीच्या खिडकीवर, फोनवर आणि निम्म्या वेळा जिन्यात गाठून विचारलेले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. सगळी उत्तरं १८ वर्षांवरच्या पेशंटसाठी आहेत. मुलांचे नियम वेगळे आहेत.

१. गोळ्यांवर भागत नाही, ॲडमिटच करायला हवं, हे आम्ही कसं ओळखायचं?

आजाराच्या नावावरून तर नाहीच. स्किझोफ्रेनियाचे कितीतरी पेशंट महिन्याला येऊन गोळ्या नेतात आणि संध्याकाळी दुकानाचं शटर उघडतात. उलट "जरा टेन्शन आहे" म्हणून आणलेल्या बाईला त्याच दिवशी ठेवून घ्यावं लागतं. डॉक्टर बघतात ते असं: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे का, खाणं-पिणं-झोप सुटली आहे का, औषध बदलताना रोज नजर ठेवावी लागेल का, आणि घरी सांभाळणारं कोणी आहे का.

तुम्ही एवढंच करा. "फार त्रास देतो" असं सांगू नका. त्याने काय केलं आणि कधी केलं, ते सांगा. "चार रात्री डोळ्याला डोळा नाही, काल गॅस चालू ठेवून दार लावून बसला" या एका वाक्याने डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

आणखी एक. साठी-सत्तरीचं माणूस दोन दिवसांत अचानक बरळायला लागलं, दिवस-रात्रीचं भान सुटलं, तर आधी मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, साखर उतरणं, यातूनही असं होतं. ते मानसोपचार वॉर्डाचं काम नव्हे.

२. म्हणजे ठाण्याला किंवा येरवड्यालाच न्यावं लागणार का?

नाही. "येरवड्याला पाठवू का" हा आपल्याकडचा विनोद इतका जुना आहे की लोकांना दुसरी जागाच आठवत नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. नागपूरचं १८६४ सालचं, ठाण्याचं १९०१चं. आकारातही बराच फरक: येरवड्याच्या मंजूर खाटा २,५४०, रत्नागिरीच्या ३६५. पण थोड्या दिवसांच्या भरतीसाठी सरकारी किंवा महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयातला मानसोपचार वॉर्ड बहुतेकांना पुरतो. ससून, केईएम, सायन, नायर, जेजे इथे तो आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत आधी दाखवलं तर पुढे कुठे न्यायचं ते तिथेच ठरतं. गोव्यात बांबोळीची सरकारी मानसोपचार संस्था आहे, सगळे तिला आयपीएचबी म्हणतात.

मला विचाराल तर घराजवळची जागा निवडा. भेटायला एसटीचे चार तास लागले की पहिल्या आठवड्यानंतर भेटी आटतात, आणि त्याचे परिणाम प्रश्न १८ मध्ये वाचा.

३. कोर्टाची ऑर्डर आणायची का? आमच्या काकांच्या वेळी आणली होती.

काकांच्या वेळी लागली असेल. १९१२चा कायदा आणि त्याच्या जागी आलेला १९८७चा, दोन्हींत मॅजिस्ट्रेटच्या हुकमाला मोठं स्थान होतं. आता मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात दाखल होण्याचे नेहमीचे रस्ते दोन: स्वतःहून (प्रश्न ४) आणि आधार देऊन (प्रश्न ५). दोन्हींना कोर्ट लागत नाही. मॅजिस्ट्रेट येतो तो खास प्रसंगी. उदाहरणार्थ, घरात कोणाला डांबून ठेवलंय किंवा हाल चाललेत असं पोलिसांनी कळवलं तर. तेव्हाही तपासणीसाठी जास्तीत जास्त १० दिवसांपुरतंच दाखल केलं जातं.

४. मी स्वतः ॲडमिट झालो तर मला पाहिजे तेव्हा घरी सोडतील का?

सोडतील. स्वतःच्या सहीने दाखल झालेल्याला "घरी जातो" म्हणायचा हक्क आहे, आणि नातेवाईक "नका सोडू" म्हणाले म्हणून तो अडत नाही. फक्त एक मुभा डॉक्टरांना आहे. त्या क्षणी जिवाला धोका वाटला, तर तपासणीसाठी २४ तासांपर्यंत थांबवता येतं. तेवढ्यात एकतर डिस्चार्ज, नाहीतर प्रश्न ५ची रीतसर प्रक्रिया. उपचारही तुमच्या संमतीशिवाय होत नाहीत.

लोकांना वाटतं की स्वतःहून येणारे थोडे असतात. तसं नाही. पिशवी भरून "सिस्टर, मला पुन्हा तसं व्हायला लागलंय" म्हणत येणारे पेशंट मी दर महिन्याला बघते. ते सहसा लवकर घरी जातात.

५. तो तयारच नाही. "मला काही झालेलं नाही" म्हणतो. मग?

मग तुमच्या एकट्याच्या सहीवर काम होत नाही. पेशंटचा प्रतिनिधी (प्रश्न ६) अर्ज करतो. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक मानसिक आरोग्य व्यावसायिक (म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचारातले नर्स किंवा समाजसेवक) किंवा डॉक्टर, अशा दोघांनी त्याला वेगवेगळं तपासायचं. त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. आजार गंभीर आहे आणि त्यापायी त्याने अलीकडे स्वतःला इजा करायची धमकी दिली किंवा प्रयत्न केला, दुसऱ्यावर हात टाकला, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलंय की धोका आहे, यातलं काहीतरी दोघांनाही दिसलं पाहिजे. "कामधंदा करत नाही", "बापाला उलट बोलतो" यात बसत नाही. हे ऐकून चिडणारे वडील मी पाहिलेत. त्यांचा राग खरा असतो, पण कारण पुरेसं नसतं.

मुदत ३० दिवस. रुग्णालयाने मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, पेशंट स्त्री असेल तर तीन दिवसांत. दर सात दिवसांनी पुन्हा बघायचं की आता तो स्वतः निर्णय घेऊ शकतो का. घेऊ शकत असेल तर तो प्रश्न ४चा पेशंट झाला. तिसाच्या पुढे ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचं मत आणि मंडळाची मंजुरी लागते. मग आधी ९० दिवसांपर्यंत, पुढे १२०, त्यानंतर दर खेपेला १८०. पेशंटला हे दाखल करणंच मान्य नसेल तर तो मंडळाकडे दाद मागू शकतो. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो.

६. प्रतिनिधी म्हणजे कोण? नवऱ्याचीच सही चालते ना?

नवऱ्याचीच चालते असं नाही. पेशंट ज्याचं नाव देईल तो. साध्या कागदावर लिहून सही केली तरी पुरतं, आणि ते नाव पुढे बदलताही येतं. नाव दिलेलंच नसेल तर आधी नातेवाईक, मग सांभाळणारी व्यक्ती, कोणीच नसेल तर मंडळ नेमून देतं.

एका बाईंनी शेजारणीचं नाव लिहून दिलं होतं. भाऊ तणतणत माझ्या टेबलापाशी आले, "रक्ताचं माणूस इथे उभं आहे आणि तुम्ही परक्या बाईला विचारता?" मी कागद दाखवला. शेजारीण रोज डबा घेऊन येत होती, खरं तर डबाच पुरला असता.

बरं असताना अजून एक कागद करता येतो: पुन्हा आजार उसळला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत. कायद्यात त्याला आगाऊ निर्देश म्हणतात. तातडीच्या उपचारात (प्रश्न ७) मात्र तो लागू होत नाही.

७. रात्री दोन वाजता प्रसंग आला तर काय करायचं? तेव्हा कुठले दोन डॉक्टर?

तेव्हा एकच पुरतो. जिवाला धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी तुमच्या गल्लीतलाही, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेऊन. रुग्णालयापर्यंत नेणंही त्यातच येतं. शॉक (विजेचे उपचार, प्रश्न १०) मात्र या तरतुदीखाली देता येत नाही. १०८ला फोन करा. कोणाच्या हातात हत्यार असेल तर ११२ला.

गाडी येईपर्यंत वाद घालू नका. "तुझ्या कानात कोणी बोलत नाही" हे त्याला पटवण्याची ही वेळ नव्हे. विळी, दोर, औषधांचा डबा हलवा. शेतकऱ्याच्या घरात सगळ्यात आधी फवारणीच्या औषधाचा डबा. घरात चार माणसं असतील तर त्याच्याशी एकानेच बोला.

तातडी नाही पण काय करावं ते सुचत नाही, अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

८. येताना काय काय आणू?

जुने केस पेपर, चालू गोळ्यांची पाकिटं (चिठ्ठी हरवली असेल तर रिकामी पाकिटंही चालतात), आधार कार्ड. मधुमेह, फिट, थायरॉईड असेल तर त्याचे कागद. दोन-तीन जोड कपडे. पायजम्याची नाडी काढून इलॅस्टिक घालून आणा, नाहीतर वॉर्डातल्या मावशी दारातच काढून घेतात आणि पेशंटला पायजमा धरून चालावं लागतं. काचेची बाटली, ब्लेड, दागिने घरी ठेवा. चष्मा आणि कवळी विसरू नका. चष्म्याविना आठवडा काढलेल्या एका आजोबांना आम्ही सगळे "गोंधळलेले" समजत होतो.

९. आत बांधून ठेवतात का? केस भादरतात का?

केस जबरदस्तीने कापायला कायद्याने बंदी आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे, बायकांना सॅनिटरी पॅड मिळाले पाहिजेत, काम करून घेतलं तर मोबदला दिला पाहिजे. साखळी कोणत्याही परिस्थितीत नाही. एकटं कोंडून ठेवणंही नाही. हात-पाय रोखून धरणं किंवा पट्ट्याने रोखणं फक्त तात्काळ इजा टाळायला, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरतं. आणि त्याची नोंद हवी. शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून बांधता येत नाही. स्टाफ कमी असतो हे खरंच आहे, म्हणूनच ते कायद्यात लिहावं लागलं.

प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, घरून कसं आणलंत? अजूनही एखादा पेशंट जीपमधून जुन्या साडीच्या काठाने मनगटं बांधून येतो. आम्ही आधी ती गाठ सोडतो, मग केस पेपर काढतो. साखळीचा शेवट कुठे होतो ते तमिळनाडूतल्या एरवाडीत दिसलं. ६ ऑगस्ट २००१ला तिथल्या आश्रयस्थानात आग लागली आणि बांधलेले २८ पेशंट जळून गेले. भूत उतरवतो म्हणून दोरी-साखळीने बांधून मारणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गंडा बांधला, नवस बोललात, तर आमचं काही म्हणणं नाही. गोळी तेवढी थांबवू नका.

१०. शॉक देणार का? मेंदू जळतो म्हणतात.

जळत नाही. पडद्यावर दिसतो तो शॉक, म्हणजे जागा माणूस, चौघांनी दाबून धरलेला, तसा देणं आज बेकायदा आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देताच येत नाही. ही पद्धत १९३८मध्ये रोममध्ये सुरू झाली, तेव्हा भूल नव्हती. भीती त्या काळातली उरली आहे.

प्रत्यक्षात असं होतं: रात्रीपासून उपाशी, सकाळी भूलतज्ज्ञ सलाईन लावतात, पेशंट झोपतो, काही सेकंद विजेचा सौम्य प्रवाह, मिनिटभराच्या आतबाहेर आकडी, तीही पायाच्या बोटांच्या थरथरीपुरती दिसते. अर्ध्या-पाऊण तासात चहा-बिस्किट. आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण साधारण सहा ते बारा वेळा. खाणं सोडलेलं तीव्र नैराश्य, माणूस दगडासारखा ताठरून बसणं, आत्महत्येचा सतत विचार, यात गोळ्यांपेक्षा लवकर गुण येतो. त्या आठवड्यांतल्या गोष्टी विसरायला होतं, काहींना आधीच्याही थोड्या. हे लपवू नये, आणि सही घेण्याआधी डॉक्टरांनी सांगितलंच पाहिजे. नाही म्हणायचा हक्क आहे.

११. मोबाईल देतात का? आम्ही भेटायला कधी यायचं?

फोन करणं, घेणं, पाहुण्यांना भेटणं किंवा नाकारणं हा पेशंटचा हक्क आहे. वेळा रुग्णालय ठरवतं, त्या वॉर्डात विचारा. पहिले दोन-तीन दिवस तो "मला घेऊन जा" म्हणून रडेल. "उद्या नेतो" असं खोटं सांगून निघू नका, दुसऱ्या दिवशी तो दारात उभा राहतो. "डॉक्टरांशी बोलून सांगतो" म्हणा आणि खरंच बोला.

१२. गोळी घेत नाही, म्हणून मी भाजीत कुस्करून घालते. चालेल ना?

हा प्रश्न बायका आवाज खाली करून विचारतात. रागवावंसं वाटत नाही, कारण महिनोन्महिने घर त्या भाजीवर चाललेलं असतं. पण चालणार नाही. काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या कुस्करल्या की सगळा डोस एकदम पोटात जातो. घरातल्या दुसऱ्याने ती भाजी खाल्ली तर तो झोपून जातो. आणि पेशंटला एकदा कळलं की तो जेवणच सोडतो. "मला विष घालतात" हा त्याचा संशय तुम्ही खरा करून दिलेला असतो.

त्याऐवजी डॉक्टरांना सरळ सांगा की घेत नाही. तोंडात टाकताच विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, काही औषधांची थेंबांची बाटली मिळते, आणि दोन किंवा चार आठवड्यांनी घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन आहे. "का घेत नाहीस?" असंही विचारून बघा. बऱ्याचदा कारण आजार नसतोच: हात थरथरतात, वजन वाढलं, सकाळी उठवत नाही. डोस बदलून हे सुधारतं.

१३. किती दिवसांत बरं होईल? गोळ्या आयुष्यभर का?

वॉर्डातला मुक्काम बहुतेकांचा दोन ते चार आठवडे. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून नेऊ नका. नैराश्याचा पहिलाच झटका असेल तर बरं वाटल्यावर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालतं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरमध्ये वर्षांचा हिशेब असतो, काहींना कायमचा. लिथियम (बायपोलरमधलं औषध) चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी, क्लोझापिन (स्किझोफ्रेनियातलं औषध) असेल तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी ठरल्या दिवशी तपासायच्याच. लिथियमवाल्यांनी उन्हाळ्यात आणि जुलाबात अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही.

१४. दारूसाठी एक केंद्र आहे, त्यांची माणसं घरी येऊन उचलून नेतात. पाठवू का?

दारू-ड्रग्जच्या व्यसनातून आलेले विकारही याच कायद्यात येतात. म्हणजे त्या केंद्राची मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी हवी, आणि तयार नसलेल्या माणसाला प्रश्न ५च्या रस्त्यानेच दाखल करायला हवं. चार धटिंगण येऊन गाडीत घालतात, याला कायद्यात जागा नाही. नोंदणीचा कागद मागा. डॉक्टर रोज येतात का, तुम्हाला भेटू देतात का, ते विचारा. "तीन महिने भेटायचं नाही" म्हणाले तर परत फिरा.

रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडू नका. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला फिट येणं, भास होणं, बरळणं सुरू होऊ शकतं, त्यात जीवही जातो. ते दिवस रुग्णालयात काढावेत.

१५. मेडिक्लेम चालतो का?

चालायला हवा. शारीरिक आजारांइतकाच मानसिक आजारांनाही विमा द्यायचा, असं २०१७च्या कायद्यात आहे. ऑगस्ट २०१८मध्ये विमा नियामकानेही कंपन्यांना तसं कळवलं. मानसिक आजारासाठी कमी मर्यादा लावून अडवलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१मध्ये पेशंटच्या बाजूने निकाली काढला. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र वाचून घ्या. नकार आला तर तो लेखी मागा.

१६. आत्महत्येचा प्रयत्न केला होता. पोलीस केस होईल म्हणून सांगितलं नाही, चुकलं का?

चुकलं, पण समजू शकते. विष घेतलेल्याची रुग्णालयात नोंद होते, पोलीस जबाब घेतात, त्याला घाबरू नका. २०१७च्या कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. डॉक्टरांना काय घेतलं, किती, किती वाजता, हे खरं सांगा; डबाच घेऊन या.

१७. ऑफिसला कळेल का? सासरचे कोर्टात काढतील का? जमिनीवरची सही चालेल का?

रुग्णालय तुमच्या लेखी संमतीशिवाय ऑफिसला काही सांगत नाही. रजेच्या दाखल्यावर नेमका आजार लिहू नये अशी विनंती करता येते. बाकी दोन्हींचं उत्तर एकच: मानसिक आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस "अस्थिर मनाचा" ठरत नाही. ते न्यायालयाने ठरवायचं असतं. घटस्फोटाच्या खटल्यातही नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावं लागतं. जमिनीच्या बाबतीत सही करतेवेळी समज होती का, हा मुद्दा असतो. वॉर्डात खरेदीखत घेऊन येणारे पुतणे आम्ही ओळखतो. त्यांना आम्ही बाहेर बसवतो.

१८. डॉक्टर म्हणतात बरा झाला, घेऊन जा. पण घरात जागा नाही, बहिणीचं लग्न तोंडावर आहे. अजून थोडे दिवस ठेवा ना.

नाही ठेवता येत. घरचे नेत नाहीत किंवा घर नाही, एवढ्यासाठी कोणाला रुग्णालयात ठेवायचं नाही, असं कायद्यात आहे. बऱ्या झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये आदेश दिले. त्यांना भिक्षेकरी गृहात किंवा वृद्धाश्रमात हलवायची प्रथा थांबवा, असं २०१९मध्ये महाराष्ट्राला बजावलं. निवारागृहं हवी तितकी नाहीत, हे मी रोज बघते. तुमची अडचण मला खोटी वाटत नाही. पण ती डिस्चार्जच्या दिवशी सांगू नका, दाखल करायच्या दिवशी सांगा. डिस्चार्जचं नियोजन पेशंट आणि घरच्यांबरोबर बसूनच करायचं असतं, त्याला महिनाभर वेळ मिळतो: बहिणीकडे पंधरा दिवस, डे-केअर, जवळच्या ओपीडीत कागद.

आणि ॲडमिशनच्या फॉर्मवर मोबाईल नंबर दोन लिहा, दुसरा शेजाऱ्याचा किंवा किराणा दुकानाचा. वॉर्डातल्या एका मावशींना घराचा पत्ता वाडीच्या नावासकट पाठ आहे, रोज म्हणून दाखवतात. त्या पत्त्यावर मी तीन पत्रं पाठवली, तिन्ही "घर बंद" असा शेरा घेऊन परत आली. चौथ्या खेपेला तिथल्या पोस्टमननेच फोन करून सांगितलं की मुलगा कुठे राहायला गेलाय.